वळसा

माझ्या टॅबलेटवर सतरावा प्रश्न असा :
सर्वांत जवळच्या दवाखान्यात पोचायला किती मिनिटं लागतात?
बायका हसतात. मिनिटं?
एक म्हणाली, घेवडा दोनदा शिजतो तेवढी.
दुसरी म्हणाली, पोर पाठीवर झोपतं,
उठतं, रडतं, पुन्हा झोपतं, तेवढी.
मी लिहिलं, एकशे दहा.
काहीतरी लिहावंच लागतं,
रकाना रिकामा असला की पुढचं पान उघडत नाही.

मासेरूहून साहेबांनी नकाशा पाठवलेला.
डोंगरांवर हिरवी वर्तुळं, कंपासनं काढल्यासारखी.
आत राहतो तो पोचलेला, बाहेरचा न पोचलेला.
सेंकू नदी म्हणजे एक निळी रेघ.
जुलैतलं बर्फ नकाशात नाही,
आणि मालिकेलेली नाही,
सातवा महिना, खांद्यावर पिनेनं अडकवलेलं ब्लँकेट,
जी हिरव्या वर्तुळात राहते
आणि पहाटे चारला उठून वर्तुळाबाहेर चालू लागते.

हा-मोथेबेचा दवाखाना तिच्या दारातून दिसतो.
नवा पत्रा, सौर दिवा, भिंतीवर देणगीदारांची पाटी.
फाटकापाशी तिनं मान खाली घातली
नि पुढं निघाली,
आणखी एक डोंगर चढून हा-सेफालीला,
जिथला पत्रा गंजलाय
आणि वजनकाटा दोन किलो जास्त दाखवतो.
सगळ्यांना ठाऊक आहे. सगळ्या दोन वजा करतात.

मी घड्याळ लावून तिच्यामागं.
माझे बूट सरकारी. तिचे नवऱ्याचे,
खाणीतून परत आलेले.
नवरा अजून आलेला नाही.

फोनवर साहेब म्हणाले, काखेत कळसा, गावाला वळसा!
लिहा : जाणीव-जागृतीचा अभाव.
वाटेत दगडावर बसून
मक्याचा थंड गोळा खाताना मी तिला ते सांगितलं.
ती बराच वेळ चावत राहिली.
मग म्हणाली, आणि कळसा गळका असला तर?

मागच्या खेपेला
हा-मोथेबेत खोली एकच, दार सताड उघडं,
बाकावर तिचा दीर, चार मेंढपाळ पोरं.
नर्सनं टेबलामागून ओरडून विचारलं
जे कानाशी विचारायचं असतं.
उत्तरही ओरडूनच द्यावं लागलं.
तेव्हापासून दीर माझ्या हातचं खात नाही, म्हणाली.
घड्याळ चालूच होतं.

हा-सेफालीला सिस्टर पुसेलेत्सोनं
दोन खिळे ठोकलेत, मधे दोरी, दोरीवर जुनं ब्लँकेट,
एका कोपऱ्यात जळल्याचं भोक.
बाई आत आली की ती पडदा ओढते,
भोकाकडं आपली पाठ करून बसते
आणि हळू बोलते.
बाहेर आम्हाला कुजबुज तेवढी,
मग मालिकेलेलीचं हसणं,
जे वाटेत एकदाही ऐकलं नव्हतं.

चार तास बारा मिनिटं. एका बाजूनं.

माझ्या प्रश्नावलीत पडदा नाही.
औषधसाठा आहे, फ्रिजचं तापमान, हात धुण्याची जागा,
रक्तदाब मोजला का, हो किंवा नाही.
दोनशे चौदा प्रश्न,
आणि सर्वांत शेवटी 'इतर',
मोजक्या अक्षरांत मावेल ते.
मी लिहिलं, हा-मोथेबेला दोन खिळे, दोरी, एक जु
आणि जागा संपली.

परतताना हा-मोथेबेच्या फाटकात नर्स उभी होती.
कोवळी पोर, डोळ्यांखाली काळं, घसा बसलेला.
आज सत्त्याऐंशी पाहिले, म्हणाली. एकटीनं.
मालिकेलेलीनं या वेळी मान खाली घातली नाही,
थांबलीही नाही.
मी थांबले. टॅबलेट पिशवीत टाकला
आणि विचारलं, दार का उघडं ठेवता?

खिडकी नाही ना, ती म्हणाली.
खाणीतून आलेले खोकत बसतात, हवा लागते.
मागच्या वर्षी तुमच्यातलंच कुणीतरी
येऊन, मोजून, लिहून देऊन गेलं होतं,
दार उघडं ठेवा.